पीएचसीत ‘थोडक्यात वाचलो’ची वही कशी सुरू करायची? सिस्टर म्हणतात, लिहू नका

पायथ्याचा_एमओ

नमस्कार. वर्षभर वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी बंधपत्रित, म्हणजे शिक्षणानंतर बाँडची सरकारी सेवा करणारा, वैद्यकीय अधिकारी (एमओ). घाटाच्या पायथ्याला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, तिथे सात महिने झाले. आदिवासी भागात २० हजार लोकांमागे एक पीएचसी असा निकष आहे, आमच्या अंगावर त्याहून बरेच जास्त लोक आहेत. दुसऱ्या एमओची जागा रिकामी. तालुका-जिल्हा मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे कळेलच.

आषाढातली रात्र, पावणेतीन वाजलेले. दुसऱ्या खेपेची बाई जीपमधून आली होती. माता-बाल संरक्षण कार्ड घरीच राहिलं. सिस्टरनी बीपी घेतलं, १५०/१००, आणि कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून टेबलावर ठेवलं. मी क्वार्टरमधून धावत पोचलो तेव्हा डोकं दिसत होतं. तेवढ्यात लाइट गेली. इन्व्हर्टर दहा मिनिटं चालला, मग पीं पीं करून तोही झोपला. मावशींनी मोबाइलची बॅटरी धरली. बाळ आलं, रडलं. मी हात पुढे करून म्हणालो, “सिस्टर, इंजेक्शन.”

ट्रेमध्ये दोन अँप्यूल होते. एक फ्रिजमधून आणलेला ऑक्सिटोसिनचा, बाळ आल्यावर रक्तस्राव होऊ नये म्हणून देतात तो. दुसरा मेथर्जिनचा, तेही रक्तस्रावावरचंच औषध. संध्याकाळी एका बाईला रक्तस्राव झाला होता, तिच्यासाठी काढलेला आणि न लागता तसाच राहिलेला. दोन्ही एकाच मापाचे, लेबलवरची अक्षरं मुंगीएवढी. सिस्टरनी मेथर्जिन फोडायला घेतलं आणि मावशी म्हणाल्या, “सिस्टर, ही मघाची हाय. फ्रिजातली ती पलीकडची.”

बीपी वाढलेल्या बाईला मेथर्जिन देत नाहीत हे इथल्या डॉक्टरांना सांगायला नको. इतरांसाठी सांगतो: त्याने बीपी एकदम उसळून झटके येऊ शकतात, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. आम्ही ऑक्सिटोसिन दिलं, बाई ठीक राहिली, उजाडताच १०२ ने उपजिल्हा रुग्णालयात पाठवली. कुणाला काही कळलं नाही.

मला मात्र झोप लागेना. सिस्टर सलग दुसऱ्या ड्यूटीवर होत्या, कारण दुसऱ्या सिस्टर तालुक्याला ट्रेनिंगला. इन्व्हर्टरची बॅटरी मेलेली आहे हे सगळ्यांना माहीत होतं. आणि मी नुसतं ‘इंजेक्शन’ म्हणालो, नाव घेतलं नाही.

आता प्रश्न. आमचं केंद्र राष्ट्रीय गुणवत्ता मानकांच्या, म्हणजे एनक्यूएएसच्या तपासणीला बसणार आहे. आरोग्य केंद्रात कोणते धोके आहेत, ते कसे ओळखता, कुठे नोंदवता, हे सगळं दाखवावं लागतं. तालुक्याहून एक छापील तक्ता आलाय: धोका, शक्यता, तीव्रता, गुणाकार, लाल-पिवळा-हिरवा. तो मी एका दुपारी भरून टाकू शकतो, त्यात ‘आग’ आणि ‘पूर’ लिहून. पण मला त्या रात्रीसारख्या गोष्टी लिहिल्या जायला हव्यात. एक साधी वही आणली, कव्हरवर ‘थोडक्यात वाचलो’ असं लिहिलं. सिस्टरना म्हणालो, पहिली नोंद आपण दोघं मिळून करू. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “सर, माझी ११ महिन्यांची ऑर्डर आहे. हे वर गेलं तर रिन्युअल होईल का?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन आठवडे वही कोरी आहे. कुणी हे खरंच चालवून दाखवलंय का?

—

औषधवाला_५२

डॉक्टर, वहीचं नंतर बघू, आधी ट्रेचं बघा. मी २० वर्षं औषध निर्माण अधिकारी आहे.

मेथर्जिन आणि ऑक्सिटोसिन एका किडनी ट्रेत कधीही नको. दोन्ही थंडच ठेवायची असतात, म्हणून फ्रिजात एकाच कप्प्यात पडतात, तिथूनच गोंधळ सुरू होतो. आम्ही लेबर रूमच्या फ्रिजात ऑक्सिटोसिन वरच्या कप्प्यात पांढऱ्या डबीत आणि मेथर्जिन खालच्या कप्प्यात लाल चिकटपट्टी लावलेल्या डबीत ठेवतो. डबीवर मार्करने मोठं लिहिलंय: ‘बीपी बघितलं का?’ केस संपली की उरलेला अँप्यूल परत डबीत गेल्याशिवाय ट्रे धुवायला जात नाही. आणि कृपा करून कुणी ऑक्सिटोसिन आयएलआरमध्ये, म्हणजे लसींच्या खास फ्रिजमध्ये, कोंबू नका. तो फक्त लसींचा. दर वेळी औषधासाठी झाकण उघडलं की आतलं तापमान हलतं.

इमर्जन्सी ट्रेसाठी एक युक्ती. सगळं तपासून झालं की ट्रेवर आडवी चिकटपट्टी लावायची, तिच्यावर आतल्या औषधांतली सगळ्यात जवळची एक्स्पायरी लिहायची आणि सही. पट्टी शाबूत म्हणजे ट्रे पूर्ण. फाटलेली म्हणजे वापरलाय, भरा. रोज ३० वस्तू मोजायच्या नाहीत. नाहीतर काय होतं माहितीये? तपासणीच्या रजिस्टरात रोज टिक, आणि अॅड्रेनॅलिन तीन महिन्यांपूर्वी बाद झालेलं.

—

रात्रपाळी

मी स्पष्ट बोलणार. लिहू नका.

१२ वर्षं एमओ आहे, तीन जिल्हे फिरलो. सरकारी कार्यालयातलं रजिस्टर म्हणजे माहितीच्या अधिकारात कुणीही मागू शकेल असा कागद. उद्या गावात काही झालं, नातेवाईक भडकले, की पहिला प्रश्न येणार: “याआधी असं झालं होतं का?” आणि तुमची वही म्हणणार: हो, झालं होतं, पान चार.

कायदा तुमच्या बाजूने नाही असं नाही. जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की डॉक्टरवर फौजदारी गुन्हा लावायचा तर निष्काळजीपणा घोर असावा लागतो, आणि तपास अधिकाऱ्याने आधी दुसऱ्या जाणकार, शक्यतो सरकारी, डॉक्टरचं मत घ्यावं. पण ते मत येईपर्यंत तुमची बदली झालेली असते आणि सिस्टरची ऑर्डर संपलेली असते. निकाल वाचायला ती कुठे जाणार?

शिवाय या कागदांनी काय साधतं तेही बघा. जागतिक आरोग्य संघटनेची सुरक्षित प्रसूतीची तपासणी यादी आहे ना, तिचा उत्तर प्रदेशात १२० केंद्रांमध्ये अभ्यास झाला. निम्म्या केंद्रांत यादी दिली, शिकवायला माणसं पाठवली. २०१७ मध्ये निकाल आला. नर्सेसचं काम सुधारलं होतं, हात धुणं, वेळेवर ऑक्सिटोसिन देणं वगैरे. आया आणि बाळांचे मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. यादी भिंतीवर, रक्त ४० किलोमीटरवर, गाडी गॅरेजला. माझं म्हणणं एवढंच, बॅटरी बदला, वही राहू द्या.

—

निवृत्त_माई

डॉक्टर, तुमचा धागा मुलीने वाचून दाखवला. मी सांगते, ती टाइप करतेय. मी आधी आरोग्य सेविका, मग आरोग्य सहाय्यिका, मिळून ३१ वर्षं. मराठवाड्यात. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, त्यामुळे माझं रिन्युअल कुणी अडवणार नाही. जरा मोकळं बोलते.

रात्रपाळी साहेबांचा राग मला कळतो. पण कोऱ्या वहीने काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय.

मी नवीन सहाय्यिका झाले तेव्हाची गोष्ट. एप्रिलचा महिना, आमच्याकडे ४२-४३ डिग्री. आमचा शिपाई फार चांगला माणूस, त्याला वाटलं लस गरम होईल, म्हणून त्याने आयएलआरचं बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवलं. लस दोन ते आठ डिग्रीत ठेवायची हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, ‘लस थंड ठेव’ एवढंच सांगितलं होतं. सोमवारी मी झाकण उघडलं तर काट्यावर शून्याच्या खाली. डीपीटी, टीटी गोठलेल्या. वितळवून हलवून पाहिल्या तर आत दह्याच्या कवड्यांसारखं तरंगत होतं. गोठलेली ती लस टोचून उपयोग नसतो, नुसती सुई आणि बाळाचं रडणं. मी सगळा साठा बाजूला काढला, पंचनाम्यासारखं लिहून काढलं, वर कळवलं.

मला कारणे दाखवा नोटीस आली. लस वाया घालवली म्हणून. शिपायाची वेतनवाढ रोखायची भाषा झाली. ती कशीबशी थांबवली, पण तो माणूस त्यानंतर आयएलआरच्या खोलीत पाऊल टाकेना.

त्यानंतर आमच्या केंद्रात काय झालं, सांगू? तापमानाचं रजिस्टर एकदम छान झालं. सकाळी ४ डिग्री, संध्याकाळी ४ डिग्री. रविवारी ४. गणपतीत ४. पोळ्याला, ज्या दिवशी गावात दिवसभर वीज नव्हती आणि किल्ली माझ्या पर्समध्ये होती, त्या दिवशीही कुणीतरी ४ लिहिलेलं. तेव्हापासून फार स्वच्छ रजिस्टर दिसलं की माझ्या पोटात गोळा येतो. आता ई-विनचा, म्हणजे लससाठ्याच्या सरकारी ऑनलाइन यंत्रणेचा, सेन्सर मोबाइलवर मेसेज टाकतो, लसीपुरतं खोटं चालत नाही. पण लेबर रूमला कुठला सेन्सर? ड्रेसिंगच्या खोलीला कुठला?

चार-पाच वर्षं अशी गेली. मग एक डॉक्टर आले, तुमच्यासारखेच तरुण, बोलणं कमी. सोमवारी ओपीडीच्या आधी सगळ्यांना व्हरांड्यात चहाला उभं करायचे. बसायचं नाही, बसलं की मीटिंग होते. ड्रायव्हर, सफाई कामगार, परिचर, आम्ही, सगळे. पहिल्या सोमवारी ते म्हणाले, “शुक्रवारी मी एका पोराला पॅरासिटामॉल लिहिताना वजन विचारलंच नाही. आईने विचारलं, साहेब एवढं मोठं चमचं? म्हणून लक्षात आलं. मी अर्ध्यावर आणलं.” आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. साहेब स्वतःची चूक सांगतोय म्हणजे काय! दुसऱ्या सोमवारी पुन्हा त्यांचीच एक. तिसऱ्या सोमवारी आमचा ड्रायव्हर म्हणाला, “साहेब, स्टेपनी पंक्चर आहे महिनाभर, सांगायचं राहिलं.” तिथून पुढे गाडी सुरू झाली. दोन्ही अर्थांनी.

ते खडूने फळ्यावर लिहायचे. तीन रकाने: काय होणार होतं, कशामुळे अडलं, उद्यापासून काय वेगळं. शनिवारी फळा पुसायचा, पण तिसरा रकाना एका वहीत उतरवायचा. वहीत नुसता बदल. ‘साप चावल्याची औषधं समोरच्या कपाटात हलवली.’ ‘स्टेपनी दर १ तारखेला बघायची.’ माहितीच्या अधिकारात कुणी मागितलीच तर द्या ना, खुशाल द्या.

आता मुख्य गोष्ट, डॉक्टर. चुकणाऱ्याचं नाव कुठेच नाही. पण अडवणाऱ्याचं नाव फळ्यावर मोठ्ठं. त्या दुसऱ्या रकान्यात. तुमच्या पोस्टमध्ये मी काय वाचलं, तर सिस्टर चुकणार होत्या असं नाही. मी वाचलं की तुमच्या मावशी अंधारात दोन बाटल्या ओळखतात आणि बोलायला घाबरत नाहीत. अशी माणसं किती केंद्रांत आहेत? तुम्ही पहिली नोंद सिस्टरच्या चुकीची करायला निघालात, म्हणून वही कोरी राहिली. पहिली नोंद मावशींच्या शहाणपणाची करा. आणि चुकीच्या जागी तुमचं ते ‘इंजेक्शन’ लिहा, नाव न घेता मागितलेलं. ते तुमचं तुम्हीच कबूल केलंय, बरं केलंत.

अजून एक. यवतमाळची गोष्ट सगळ्यांना आठवत असेल. २०२१ चा ३१ जानेवारी, पल्स पोलिओ, घाटंजी तालुक्यात १२ पोरांना थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजलं गेलं. पोरं वाचली, देवाची कृपा. तिघांवर निलंबनाची कारवाई झाल्याचं पेपरात आलं. मी तेव्हा निवृत्त होते, तरी रात्रभर तळमळले. पोलिओचा बूथ मी शेकड्यांनी केलाय. लहानसं टेबल, त्यावर व्हॅक्सिन कॅरियर, मार्कर, टॅली शीट, आणि त्या वर्षी नवीन आलेली सॅनिटायझरची बाटली. कोविडच्या आधी त्या टेबलावर तोंडात घालायची एकच बाटली असायची, हात आपोआप तिच्याकडेच जायचा. दुसरी बाटली आली तेव्हा ती कुठे ठेवायची हे कुणी ठरवलं होतं का? शिक्षा झाली ती माणसांना. बाटलीची जागा बदलली की नाही, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

मुलगी म्हणतेय पुरे. थांबते.

—

पायथ्याचा_एमओ

माई, तुमचा पाचवा परिच्छेद वाचून मी उठून आमचं आयएलआरचं जुनं रजिस्टर काढलं. २०१९ च्या मे महिन्यात ६२ नोंदी, सगळ्या ४. इतकं हसू आलं आणि मग आलंच नाही.

रात्रपाळी सर, प्रत्यक्ष इजा झाली तर ती या वहीत नाही हे मला मान्य आहे. मातामृत्यू २४ तासांत कळवायचाच, लसीनंतरची गंभीर घटना ठरलेल्या फॉर्मवर जायलाच हवी. त्यात लपवाछपवी नाही. मी विचारतोय ते फक्त जे घडलं नाही त्याबद्दल.

—

लेस्टरकर

मूळचा सांगलीचा, इंग्लंडमध्ये लेस्टरला जीपी (फॅमिली डॉक्टर) आहे. इथल्या आणि तिथल्या साधनांची तुलना करणं हा शुद्ध आचरटपणा होईल, म्हणून दोनच गोष्टी.

आमच्याकडे अशा बैठकीला सिग्निफिकंट इव्हेंट मीटिंग म्हणतात आणि त्यात रिसेप्शनिस्ट बसते. गेल्या वर्षीची आमची सगळ्यात मोठी वाचलेली चूक तिनेच पकडली. एका आजोबांचा पोटॅशियमचा रिपोर्ट त्याच नावाच्या दुसऱ्या आजोबांच्या फाइलला लागला होता. नाव पटेल आणि जन्मतारीख दोघांचीही १ जानेवारी. पासपोर्ट काढताना कुणीतरी टाकलेली. आपल्या गावात जशी शाळेत घालताना गुरुजींनी सगळ्यांची १ जून टाकली, तसंच. तुमच्या ओपीडीत १ जूनवाले किती आहेत बघा, आणि केसपेपर नुसत्या नाव-वयावर शोधत असाल तर ही तुमच्या वहीची दुसरी नोंद समजा.

दुसरी गोष्ट, भीती इथेही आहे. याच शहरात २०११ मध्ये एक लहान मुलगा जंतुसंसर्गाने गेला, ज्युनिअर डॉक्टरला २०१५ मध्ये शिक्षा झाली, २०१८ च्या जानेवारीत तिचं नाव नोंदणीतून काढलं गेलं आणि ऑगस्टमध्ये अपील कोर्टाने परत घातलं. त्या दिवशी वॉर्डात माणसं कमी होती, संगणक बंद पडलेले होते. डॉक्टरांमध्ये बातमी पसरली की तिने शिकण्यासाठी लिहिलेली टिपणंच तिच्यावर उलटली. प्रत्यक्षात ती ज्यूरीपुढे पुरावा म्हणून आली नव्हती. पण त्यानंतर कितीतरी जणांनी खरं लिहिणं सोडलं. त्यामुळे माईंची फळा पुसायची पद्धत मला आमच्या सॉफ्टवेअरपेक्षा शहाणी वाटते.

—

रात्रपाळी

फळा पुसणार असाल तर माझी निम्मी हरकत गेली. उरलेली निम्मी अशी की तुमची बदली झाली की फळा गेला. पुढचा एमओ आल्या आल्या तिथे ‘सुविचार’ लिहील.

आणि बंधपत्रितवाले वर्षात जातात हे माई सांगणार नाहीत, मी सांगतो. चहाचं काम सिस्टरकडे द्या, स्वतःकडे ठेवू नका.

—

पायथ्याचा_एमओ (तीन आठवड्यांनंतर)

सांगायला आलोय.

फळा शाळेतून मिळाला, मोडका, फुकट. पहिल्या सोमवारी मी माझं ‘इंजेक्शन’ लिहिलं. दुसऱ्या रकान्यात मावशींचं नाव लिहिलं तर त्या खडू घेऊन आल्या आणि म्हणाल्या, “आडनाव पण लिवा, गावात माझ्या नावाच्या चार हायेत.” तिसऱ्या रकान्यात: औषध मागताना नाव आणि मात्रा मोठ्याने, देणाऱ्याने तेच परत म्हणायचं, मगच फोडायचं. बीपी चिठोऱ्यावर नाही, लेबर रूमच्या भिंतीवरच्या पाटीवर. पहिल्या दोन प्रसूतींना हसू येत होतं, नाटकात बोलल्यासारखं वाटायचं. आता येत नाही.

औषधवाला सर, लाल पट्टी लावली. तुमचं वाक्य जसंच्या तसं चोरलंय.

दुसऱ्या सोमवारी कुणी काही बोललं नाही. चहा संपला, पाऊस बघत उभे होतो. निघताना आरोग्य सेवक म्हणाला, “सर, साप चावलेला रात्री आला तर एएसव्हीची किल्ली कुणाकडे?” एएसव्ही म्हणजे सर्पविषावरचं इंजेक्शन. फार्मासिस्टकडे. फार्मासिस्ट राहतात तालुक्याला, २६ किलोमीटर. आमच्या भागात घोणस आणि मण्यार दोन्ही आहेत, शेतात भात लावणी चालू आहे, आणि सुरुवातीलाच दहा व्हायल लागू शकतात. सात महिने मी इथे आहे, मला हा प्रश्न पडला नव्हता, कारण सुदैवाने सगळे दिवसा चावलेले आले. दुपारपर्यंत दहा व्हायल, सोबत अॅड्रेनॅलिन, असं इंजेक्शन रूमच्या कपाटात हलवलं. किल्ली ड्यूटीवरच्या सिस्टरकडे, ड्यूटी सोपवताना हातात द्यायची, खिळ्यावर नाही. साठ्याच्या नोंदीवरून फार्मासिस्ट आधी नाराज झाले, त्यांच्या डोक्यावर ऑडिट असतं. मग इंजेक्शन रूमचं वेगळं छोटं रजिस्टर त्यांनीच आखून दिलं.

तिथेच अजून एक सापडलं. रक्त गोठतं का बघायची २० मिनिटांची चाचणी असते, साध्या काचेच्या कोरड्या नळीत ताजं रक्त घालून न हलवता ठेवायचं. आमच्याकडची एकुलती एक काचेची नळी परिचर दर वेळी साबणाने घासून लख्ख धूत होता. साबणाचा अंश राहिला तर चांगलं रक्तही गोठत नाही, आणि विष भिनलंय असं समजून आपण नको त्याला एएसव्ही देऊन बसतो. प्लॅस्टिकची नळीही चालत नाही. नव्या नळ्यांचं पाकीट मागवलं, त्यावर ‘धुवू नये, एकदाच’ लिहिलं. चुकीसाठी परिचराचं नाव फळ्यावर नाही. त्यानेच विचारलं होतं, “सर, एवढी स्वच्छ नळी, मग फेकायची कशाला?” म्हणून उलट त्याचं नाव दुसऱ्या रकान्यात गेलं. बरोबर केलं ना, माई?

तिसऱ्या सोमवारी मला जिल्ह्याला बैठक होती. सिस्टरनी चहा केला आणि फळा त्यांनीच लिहिला. काय लिहिलं ते मी परत आल्यावर वाचलं. ‘सलग दुसरी ड्यूटी होती. डोळे मिटत होते.’ पहिल्या रकान्यात, त्यांच्या अक्षरात. तिसरा रकाना रिकामा होता, कारण त्याचं उत्तर आमच्या कुणाकडेच नाही. दोन सिस्टर, त्यातली एक ट्रेनिंगला. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना मी पत्र दिलंय की प्रसूती होणाऱ्या केंद्रातून ट्रेनिंगला नेताना बदली माणूस द्या किंवा तारीख बदला. तोंडी ‘बघू’ म्हणालेत. शनिवारी फळा पुसला, ही ओळ तेवढी ठेवली.

छापील तक्ताही भरला. लाल रंगात ‘आग’ नाही, ‘सलग ड्यूटी’ आणि ‘इन्व्हर्टर’ लिहिलं. आगीचं पिवळ्यात गेलं. भंडाऱ्याला २०२१ मध्ये नवजात कक्षात दहा बाळं गेली, त्यामुळे ते हलक्यात घेत नाही. अग्निशामक नळकांड्याची तारीख बघितली, वायरिंग बघायला माणूस बोलावलाय. पण आमच्याकडे आज रात्री काय होऊ शकतं असं विचारलं तर उत्तर अंधार हेच आहे. तक्ता बघून तालुक्याचे साहेब म्हणाले, “असं कुणी लिहीत नाही हो.” तरी परत पाठवला नाही.

बॅटरी मात्र अजून आलेली नाही. दोन पत्रं झाली. रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून घ्यावी म्हणतोय. कुणाकडे अशा खरेदीच्या ठरावाचा नमुना असेल तर टाका, आमच्या क्लार्कना जुना सापडत नाहीये.

—

निवृत्त_माई

परिचराचं बरोबर केलंत.

ठरावाचा नमुना मुलगी मेसेज करेल, माझ्याकडे जुना आहे, त्यातली तारीख आणि रक्कम बदला. तीन दरपत्रकं जोडा, नाहीतर ऑडिटवाले अडवतील. बॅटरी आली की पाणी कधी घातलं त्याची तारीख बॅटरीच्या वरच भिंतीवर खडूने लिहायची. आमची पहिली बॅटरी पाण्यावाचूनच मेली होती.